दुकान दिले की धंदा दिला?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेतून फेरफटका मारला, तर पाटीवर एका घराण्याचे नाव आणि गादीवर दुसऱ्याच घराण्याचा माणूस, अशी दोन-चार दुकाने सहज आढळतात. मूळ दुकानदार वृद्ध झालेला असतो, कुणाचे अकाली निधन झालेले असते, तर कुणाची मुले शिकून पुण्या-मुंबईस अथवा परदेशी स्थायिक झालेली असतात. चाळीस वर्षांची पेढी एकदम बंद करणे मनास पटत नाही. मग ओळखीचा, कष्टाळू, भरवशाचा असा कुणी पुढे येतो. कित्येकदा तो त्याच दुकानात थान उलगडत मोठा झालेला नोकर असतो. पाडव्याच्या मुहूर्तावर नारळ वाढविला जातो, वकिलाकडून चार पानांचा कागद होतो आणि दुकान ‘चालवायला’ दिले जाते. बाजारच्या बोलीत यालाच ‘कंडक्टिंगवर देणे’ म्हणतात.

प्रारंभ विश्वासाने होतो. शेवट मात्र पुष्कळदा न्यायालयात होतो. देणारा म्हणतो, “धंदा माझा होता, याला फक्त चालवायला दिला होता.” घेणारा म्हणतो, “धंदा मी उभा केला. मला दुकानाची जागा दिली होती आणि मी तिचा भाडेकरू आहे.” चार पानांच्या त्या कागदाचा अर्थ लावण्यात दोन्ही घरांची उमेदीची वर्षे निघून जातात. दुकान दिले होते की धंदा दिला होता, या एका प्रश्नावर सारा वाद उभा असतो. त्या प्रश्नाचा विचार हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

तीन वेगळी नाती

कायद्याच्या दृष्टीने येथे तीन वेगवेगळी नाती संभवतात. पहिले नाते भाडेपट्ट्याचे. त्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच ठराविक मोबदल्यात दुसऱ्याकडे जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये त्याची व्याख्या आहे. दुसरे नाते परवान्याचे, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’चे. त्यात जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याचे कलम ५२ त्यास लागू पडते. तिसरे नाते धंदा चालविण्याचे. त्यात विषय जागेचा नसतोच. माल, फर्निचर, पेढीचे नाव, गिऱ्हाईक, परवाने यांसह जो धंदा चालू आहे, तो दुसऱ्याने मालकाच्या वतीने चालवावयाचा असतो. जागेचा वापर त्या ओघाने होतो, इतकेच.

कागदावर ही तीन नाती स्वच्छ वेगळी दिसतात. बाजारात मात्र ती एकमेकांत मिसळतात आणि तेही अनेकदा हेतुपुरस्सर. या हेतूचे मूळ भाडेनियंत्रणाच्या इतिहासात आहे.

कागदाने वेष का घेतला?

मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली झाला आणि १९४८ पासून अमलात आला. महायुद्ध आणि फाळणी यांमुळे शहरांत जागांची भीषण टंचाई होती आणि भाडेकरूस संरक्षणाची खरोखर आवश्यकता होती. परंतु प्रमाणभूत भाडे १९४० सालच्या पातळीशी बांधले गेले आणि दशकामागून दशके तेथेच थिजले. एकदा भाडेकरू ठेवला की जागा परत मिळणे कठीण, ही समजूत मालकवर्गात रुजली. परिणामी भाडेपट्ट्याऐवजी परवान्याचे कागद होऊ लागले. १९७३ साली कायद्यात कलम १५-अ घालण्यात आले आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी चालू परवाना कराराखाली जागेच्या ताब्यात असलेल्या परवानाधारकांस भाडेकरूचा दर्जा मिळाला. परवान्याचा आडोसा अशा रीतीने कायद्याने दूर केला.

त्याच वेळी परवानाधारकाच्या व्याख्येतून काही व्यक्ती वगळण्यात आल्या. घरी पैसे देऊन राहणारा पाहुणा वगळला, कुटुंबातील माणूस वगळला, मालकाचा नोकर वगळला, आणि परवाना देणाऱ्याच्या मालकीचा चालू धंदा चालविणारी व्यक्तीही वगळली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७ मध्येही हा अपवाद कायम आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या अपवादाने प्रामाणिक दुकानदाराची सोय झाली, यात शंका नाही. परंतु त्याच वाटेने दुसरेही काही आत शिरले. रिकामा गाळा देतानाही कागदावर ‘धंदा चालविण्याचा करार’ असे शीर्षक पडू लागले. भाड्यास ‘रॉयल्टी’ म्हटले जाऊ लागले आणि पागडीस ‘अनामत’. कागदाने वेष पालटला, व्यवहार तोच राहिला. पुढील असंख्य दाव्यांचे बीज येथे पेरले गेले.

न्यायालय शीर्षकावर थांबत नाही

सर्वोच्च न्यायालयाची या विषयावरील भूमिका अनेक दशके सुसंगत राहिली आहे. १९५९ साली दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातील खोल्यांचा वाद त्या न्यायालयापुढे आला. त्या खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या आणि कागदावर ‘परवाना’ हाच शब्द होता. तरीही तो व्यवहार भाडेपट्ट्याचा आहे, असे बहुमताने ठरले. कागदाच्या नावापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू पाहावा, आणि जागेचा अनन्य ताबा दिला आहे काय हे पाहावे, असे सूत्र त्या निकालातून रूढ झाले.

उलट १९६४ साली मद्रासच्या एका खासगी मंडईतील गाळेधारकांच्या प्रकरणात ते केवळ परवानाधारक आहेत, असा निर्णय झाला. मंडईची व्यवस्था आणि तिच्यावरील नियंत्रण मालकांनी आपल्याकडेच राखले होते, ही बाब तेथे महत्त्वाची ठरली.

धंदा आणि जागा एकत्र दिल्या असतील तर काय, याचे उत्तर दोन निकालांत मिळते. १९६५ च्या वृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात यंत्रसामग्रीसह डाळीची गिरणी भाड्याने दिली होती. १९७५ च्या प्रकरणात सामानसुमानासह चित्रपटगृह दिले होते. पहिला वाद मध्य प्रदेशच्या भाडे कायद्याखालील, तर दुसरा उत्तर प्रदेशच्या. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने व्यवहाराचा प्रधान हेतू शोधला. गिरणी चालविणे आणि चित्रपटगृह चालविणे हे मुख्य आणि इमारत आनुषंगिक, असे दिसून आल्याने भाडेनियंत्रणाचे संरक्षण लागू झाले नाही.

महाराष्ट्रातील कायद्याच्या अपवादातील शब्दही या दृष्टीने वाचले पाहिजेत. ‘मालकीचा’, ‘चालू’ आणि ‘धंदा’ हे तिन्ही शब्द सिद्ध व्हावे लागतात. करार झाला त्या दिवशी दुकानात माल होता काय? नोकर होते काय? गिऱ्हाईक येत होते काय? सहा महिने कुलूप असलेला रिकामा गाळा दिला असेल, तर तेथे चालविण्यास धंदाच नव्हता. मग कागदावर काहीही लिहिलेले असो.

लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः चालत नाही, हे व्यापाऱ्यांस ठाऊक असते, आणि त्यावर त्यांची फार भिस्त असते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. तथापि कागद केवळ दिखाऊ होता, खरा व्यवहार निराळाच होता, हे दाखविणारा पुरावा न्यायालय ऐकून घेते. म्हणून चार पानांचा कागद हे वादाचे शेवटचे पान कधीच नसते.

साक्ष देतात त्या वह्या

अशा दाव्यात सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे दुकानाचे दफ्तर. गुमास्ता परवाना कुणाच्या नावे? पूर्वीचा विक्रीकर क्रमांक, २००५ नंतर व्हॅटचा आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीचा क्रमांक कुणाचा? बँकेतील खाते कुणाचे आणि त्यावर सही कुणाची? माल कुणाच्या नावे उधार येतो? नोकरांचा पगार कोण देतो? रोजकीर्द आणि खतावणी मालकाने कधी पाहिली आहे काय? रात्री कुलूप लावल्यावर किल्ली कुणाच्या घरी जाते?

मोबदल्याचे स्वरूपही बोलते. नफा होवो अथवा तोटा होवो, दरमहा ठराविक रक्कम घेतली जात असेल, तर ती भाड्यासारखी दिसते. विक्रीच्या अथवा नफ्याच्या प्रमाणात हिस्सा असेल आणि त्यासाठी दरवर्षी हिशेब दिला जात असेल, तर ते धंद्याचे लक्षण ठरते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी निर्णायक नसते. सर्वांचा एकत्रित विचार होतो.

येथे प्राप्तिकराची विवरणपत्रे अनेकदा घात करतात. न्यायालयात ‘धंदा माझा’ म्हणणाऱ्या मालकाने वर्षानुवर्षे ती रक्कम घरमिळकतीचे उत्पन्न म्हणून दाखवून ३० टक्के प्रमाणित वजावट घेतलेली असते. उलट ‘मी भाडेकरू’ म्हणणाऱ्याने तीच रक्कम आपल्या हिशेबात रॉयल्टी म्हणून खर्ची टाकलेली असते. कर वाचविताना लिहिलेला एक शब्द पुढे दुकान घालविण्यास पुरेसा होतो.

दोन घरे

असे समजावे की एका कापड दुकानदाराचे १९९० च्या सुमारास अकाली निधन झाले. मागे पत्नी आणि दोन लहान मुले. दुकानातील विश्वासू माणसास तिने दुकान चालविण्यास दिले. कागद अकरा महिन्यांचा झाला. पुढे एक-दोन वेळा त्याचे नूतनीकरण झाले, नंतर तेही राहून गेले. दरमहाची रक्कम मात्र न चुकता घरी येत राहिली. तेवढ्यावर मुलांची शिक्षणे झाली.

पहिला माल संपल्यावर नवा माल त्या माणसाने स्वतःच्या पतीवर आणला. कराचा क्रमांक त्याने स्वतःच्या नावे घेतला. गुमास्ता परवाना मात्र मूळ मालकाच्या नावेच राहिला. वीस वर्षांनी मोठा मुलगा दुकान परत मागू लागला. त्याच्या दृष्टीने ती वडिलांची गादी होती. समोरच्या माणसाच्या दृष्टीने ते त्याच्या तारुण्याचे सारे श्रम होते. गिऱ्हाईकांच्या दोन पिढ्या त्यालाच ओळखत होत्या आणि त्याचा मुलगाही आता त्याच गल्ल्यावर बसत होता.

या दोघांपैकी खोटे कोण बोलतो? प्रारंभी धंदा होता, हे मुलाचे म्हणणे खरे आहे. आजचा धंदा आपल्या कष्टाचा आहे, हे त्या माणसाचे म्हणणेही खरे आहे. खोटा आहे तो मधला काळ. त्या काळात व्यवहार बदलत गेला आणि कागद तसाच पडून राहिला. कुणी हिशेब मागितला नाही, कुणी हिशेब दिला नाही. भीड होती, संकोच होता आणि थोडी सोयही होती. न्यायालयास या दोन अर्धसत्यांतून एकाच्या बाजूने निर्णय द्यावा लागतो, आणि तो लागेपर्यंत दोन्ही घरांचे पाडवे तारखा मोजण्यात जातात.

तिसरा पक्ष

दुकानदार स्वतःच जुना भाडेकरू असेल, तर या वादात इमारतीचा मालक हा तिसरा पक्ष उभा राहतो. घरमालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून मागण्याचे कारण आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये ते नमूद आहे. कलम २६ अन्वये, करारात निराळे ठरलेले नसल्यास, भाडेकरूस जागा पोटभाड्याने अथवा परवान्यानेही देता येत नाही. जागेचा अनन्य ताबा तिऱ्हाइताकडे गेला आहे, इतके घरमालकाने दाखविले, की त्याचा खुलासा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. खरी भागीदारी म्हणजे पोटभाडे नव्हे. पण भागीदारीचा नुसता मुखवटा असेल, तर न्यायालय तो बाजूस सारते.

येथे दुकानदार दोन आघाड्यांमध्ये सापडतो. घरमालकास तो सांगतो, ‘ताबा माझाच आहे’. चालविणारा मात्र त्याच वेळी सांगत असतो, ‘ताबा माझा आहे’. चालविणाऱ्याचे म्हणणे सिद्ध झाले, तर दुकानदाराचे मूळ भाडेपण धोक्यात येते आणि त्याच्याबरोबर चालविणाऱ्याच्या पायाखालची जमीनही सरकते. दोघांच्या भांडणात जागा तिसऱ्याकडे जाण्याची भीती असते, ती अशी.

कोणते न्यायालय?

जागेच्या ताब्याबद्दलचे मालक-भाडेकरू आणि परवाना देणारा-घेणारा यांचे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयातच चालतात. १८८२ च्या प्रांतिक राजधानीतील लघुवाद न्यायालय कायद्याचे कलम ४१ तसे सांगते. या कलमातील ‘परवानाधारक’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, विनामोबदला राहणाराही त्यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. वाद निव्वळ धंद्याच्या हिशेबाचा असेल, तर वाट दिवाणी न्यायालयाची. नाते कोणते याबद्दलच मतभेद असल्याने दावा योग्य न्यायालयात आला आहे काय, हाच पहिला वाद होऊन बसतो आणि मूळ प्रश्नास हात लागण्यापूर्वीच काही वर्षे सरतात.

करारात लवादाचे कलम घातले म्हणजे हा फेरा टळतो, हीही समजूत पूर्ण खरी नाही. भाडेनियंत्रण कायद्याखालील वाद लवादाकडे नेता येत नाही, हे १९८१ साली मुंबईच्या दोन चित्रपट स्टुडिओंच्या प्रकरणात ठरले आणि २०२० च्या निकालातही तेच सूत्र कायम राहिले.

ट्रस्टनेही सावध असावे

हा प्रश्न केवळ बाजारपेठेचा नाही. धर्मशाळा, भोजनशाळा, मंगल कार्यालय, रस्त्याकडेचे गाळे अशा वास्तू अनेक ट्रस्टांच्या मालकीच्या असतात, आणि भोजनशाळा अथवा कार्यालय चालविण्यास देण्याची पद्धत सर्वत्र आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५० याच्या कलम ३६ अन्वये बिनशेती जमीन अथवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून ‘हा भाडेपट्टा नव्हे, केवळ चालविण्याचा करार’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु स्वयंपाकघरावर, आरक्षणाच्या वहीवर, दरपत्रकावर आणि किल्लीवर ट्रस्टचे प्रत्यक्ष नियंत्रण नसेल, तर त्या शब्दांना आधार उरत नाही. समाजाने पै पै जमवून उभारलेली वास्तू विश्वस्तांच्या ढिलाईने वादात पडू नये.

कूटलेख आणि न्यास

तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार या दोहोंचा समावेश आहे. कूटलेख म्हणजे खोटा लेख, आणि न्यासापहार म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव बळकावणे. प्रस्तुत विषयातील बहुतेक तंटे या दोन शब्दांत सामावतात. रिकामा गाळा देऊन ‘धंदा दिला’ असे लिहिणारा कूटलेख करतो. सोपविलेली गादी परत मागताच ‘मी भाडेकरू’ म्हणणारा न्यासापहार करतो. आणि चालविणाऱ्याची अनामत अडवून ठेवणारा मालकही तेच करतो. न्यायालयात पुढे जे उघडकीस येते, त्याची जाणीव सही करताना दोघांनाही असते.

मग काय करावे?

ज्यास केवळ जागा द्यावयाची आहे, त्याने जागाच द्यावी आणि तसे लिहावे. परवाना अथवा भाडे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ अन्वये सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर आहे. ती पार न पाडल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. परवान्याची जागा निवासासाठी असेल, तर कलम २४ चा जलद मार्ग उपलब्ध आहे. दुकानासाठी तो नाही, हे ध्यानात असावे. दुकान भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी संमती आधी घ्यावी.

ज्यास खरोखर धंदा चालविण्यास द्यावयाचा आहे, त्याने धंद्यावरील हात काढून घेऊ नये. मालाची आणि फर्निचरची यादी करून दोघांनी सही करावी. परवाने, कराचा क्रमांक, बँक खाते मालकाच्या नावे चालू ठेवावे. दर तिमाहीस वह्या पाहाव्यात, दर दिवाळीस हिशेब मिटवावा. मुदत संपताच नवा कागद करावा अथवा व्यवहार थांबवावा. अकरा महिन्यांचा कागद वीस वर्षे ओढू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेक करारांत नसते. चालविणाऱ्याने धंदा वाढविला, तर त्या वाढीचा मोबदला निघताना त्यास किती मिळावा, हे प्रथमच लिहून ठेवावे. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या माणसास रिकाम्या हाताने जावे लागणार असेल, तर तो जाणारच नाही. तो भाडेकरू असल्याचे सांगेल, आणि त्यास तसे सांगावयास लावणाऱ्यांत मालकाचाही वाटा असेल. वर वर्णिलेल्या त्या दोन घरांत अशी एक ओळ लिहिलेली असती, तर मुलास वडिलांची गादी मिळाली असती आणि त्या माणसास शेजारीच आपल्या नावाचे दुकान उघडता आले असते.

समाजाची बाजारातील पत अनेक पिढ्यांच्या तोंडी शब्दावर उभी राहिली. आता शब्दाबरोबर कागद आला आहे, आणि तो आवश्यकही आहे. पुढील पाडव्यास दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येकाने दुकान देत आहोत की धंदा, हे स्वतःशी ठरवावे, समोरच्यास स्पष्ट सांगावे आणि जे सांगितले तेच कागदावर उतरवावे, एवढीच या निमित्ताने नम्र विनंती.